नवा डबा, जुनंच चित्र

जून लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच विषय असतात. टाकीचं पाणी गढूळ येतंय का, आणि कुणाकुणाचा टीव्ही गेलाय. यंदा त्यात तिसरा आला. तळमजल्यावरच्या काकांनी भारीतला सेटटॉप बॉक्स घेतला. फोर-के, रेकॉर्डिंग, बोलून चालणारा रिमोट, सगळं त्यात. जुन्या डब्याच्या चौपट पैसे मोजले आणि चौथ्या दिवशी मला फोन आला.

"अगं, तू इलेक्ट्रॉनिक्सवाली ना? जरा बघून जा. चित्र आहे तस्संच आहे. फसवलं बहुतेक."

गेले, पाहिलं. चित्र वाईट नव्हतं. जुन्यासारखंच होतं, आणि काकांची तक्रार नेमकी तीच होती.

फसवलं कुणीच नव्हतं. आपण पैसे डब्यावर घालतो, पण डबा म्हणजे शेवटचा नळ आहे. नळ सोन्याचा बसवला म्हणून टाकीत नसलेलं पाणी त्यातून येत नाही. ही टाकी आहे आकाशात, म्हणून काकांना घेऊन आधी गच्चीत गेले.

सगळ्या छत्र्या एकाच बाजूला तोंड करून का?

गच्चीत उभं राहून पाहा. एकाच कंपनीच्या सगळ्या डिश रांगेत बसलेल्या बगळ्यांसारख्या एकाच दिशेला बघत असतात. विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहाला एक फेरी मारायला, पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो. तो हलत नाही म्हणून आपली डिशही हलवावी लागत नाही.

जीसॅट-२४ हा टाटा प्लेसाठी जून २०२२ मध्ये सोडलेला उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून तो दक्षिणेच्या थोडा पूर्वेकडे, क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर येतो. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, म्हणजे आपल्यासाठी जवळपास आग्नेयेला. वास्तुवाले आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात, आम्ही डिश सांगतो. ज्यांच्या घराला फक्त पश्चिमेची बाल्कनी आहे त्यांनी कितीही भारीतला बॉक्स आणला तरी त्यांना गच्चीच गाठावी लागते.

काकांनी विचारलं, "६५ अंश वर म्हणतेस, पण ही डिश तर समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय." शंका रास्त होती. घरगुती डिश हा मोठ्या वाडग्याचा कापून घेतलेला कडेचा तुकडा असतो. त्यामुळे तिची नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. चष्म्याच्या वरून बघणाऱ्या मास्तरांसारखी. याचा फायदा असा की पुढे आलेल्या दांडीची सावली डिशवर पडत नाही.

आता नेम किती अचूक लागतो ते बघा. डिश एका अंशाने हलली, तर तिकडे उपग्रहाच्या जागी नेम सहाशेहून जास्त किलोमीटरने चुकतो. ६० सेंटिमीटरच्या डिशला दीडेक अंशाची सूट असते, त्यापलीकडे सिग्नल झपाट्याने पडतो. चिपळूणला आत्याच्या घरी डिशवर वानर बसायचं. ते उडी मारून गेलं की टीव्ही बंद. आत्याने शेवटी दांडीला तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात हा उपाय नाही, पण याहून चांगला मला अजून सापडलेला नाही.

दांडीच्या टोकावरची डबी

डिश स्वतः काहीच करत नाही, ती नुसता पत्र्याचा आरसा आहे. खरं काम तिच्यापुढच्या डबीचं, म्हणजे एलएनबीचं. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी साधारण ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात. या पट्ट्याला केयू बँड म्हणतात. त्या तशाच केबलमध्ये घातल्या तर गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पोचता पोचता विरून जातील. म्हणून एलएनबी त्या मोठ्या करते आणि खालच्या, केबलला झेपणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर आणून सोडते. घाटावरून ट्रकने आलेला माल गल्लीत टेम्पोने पोचवतात, तसं.

या डबीला वीज कुठून मिळते? त्याच केबलमधून, खाली बसलेल्या बॉक्सकडून. ती वीज म्हणजे बॉक्सची भाषाही असते. उपग्रहाच्या लहरी दोन प्रकारांनी येतात. दोरीचं एक टोक खिळ्याला बांधून दुसरं वरखाली हलवलं तर उभी लाट जाते, डावी-उजवीकडे हलवलं तर आडवी. एकाच फ्रीक्वेन्सीवर एक चॅनलगट उभा आणि दुसरा आडवा पाठवता येतो, दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. उभा हवा असेल तर बॉक्स वर १३ व्होल्ट पाठवतो, आडवा हवा असेल तर १८. जुन्या सरकारी हपिसात साहेबांनी घंटी एकदा वाजवली की चहा आणि दोनदा वाजवली की फाईल, तसाच हा प्रकार.

इथेच काकांच्या घरातलं एक भांडण सुटलं.

"इन्स्टॉलेशनवाला दोन केबल म्हणत होता, मी नको म्हटलं"

नव्या बॉक्समध्ये दोन ट्यूनर आहेत. ट्यूनर म्हणजे चॅनल पकडणारा भाग. दोन असले की एक चॅनल बघता बघता दुसरा रेकॉर्ड करता येतो, आणि महागड्या बॉक्सचा सगळ्यात उपयोगी गुण माझ्या मते हाच. पण काकांनी बॉक्स आणला तेव्हा जुनी एकच केबल होती. भिंतीला आणखी एक भोक पाडायला काकू तयार नव्हत्या.

एक केबल म्हणजे एकच घंटी. एका वेळी एकतर १३ व्होल्ट, नाहीतर १८. काकांची मॅच एका गटात आणि काकूंची मालिका दुसऱ्या गटात असेल, तर बॉक्सला दोघांचं ऐकताच येत नाही. पडद्यावर सूचना यायची, चालू रेकॉर्डिंग थांबवायचं का? काका हो दाबायचे. दुसऱ्या दिवशी मालिकेचा अर्धाच भाग सापडला की काकू म्हणायच्या, "हा नवीन डबा मुळातच बिघडलेला आहे."

यावर उपाय म्हणजे दोन तोंडांची एलएनबी आणि गच्चीवरून दुसरी केबल. काही नव्या यंत्रणांत एकाच केबलवर दोन-तीन ट्यूनर चालवायची सोय असते, पण त्यासाठी एलएनबी आणि बॉक्स दोन्ही तशी लागतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला बाकी काही विचारू नका, एवढंच विचारा: "बघता बघता दुसरं रेकॉर्ड करायला वरून किती वायरी?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.

स्ट्रेंथ ९०, तरी चौकोन

बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचं पान असतं. त्यात दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक पहिली बघून खूश होतात, पण बघायची असते दुसरी. स्ट्रेंथ म्हणजे आवाज किती मोठा, क्वालिटी म्हणजे शब्द किती स्पष्ट. जत्रेतला भोंगा दोन गावं ओलांडून ऐकू येतो. कुणाचं पोर हरवलंय ते मात्र कळत नाही.

अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, त्या मुंग्यांतूनही आपण बातम्या बघायचो. आता तसं होत नाही. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग अचानक चौकोन चौकोन होतात आणि पुढच्या क्षणी पडदा काळा. याचं कारण समजायला फोनवर नाव सांगायचा प्रसंग आठवा. लाइन खराब असली की आपण म्हणतो, "नमन. न नळाचा, म मगरीचा, न नळाचा." गरजेपेक्षा जास्त माहिती दिली की थोडी खरखर असूनही नाव बरोबर पोचतं. उपग्रहाच्या सिग्नलमध्येही अशी जादा माहिती मिसळलेली असते, आणि तिच्या जोरावर बॉक्स चुका स्वतःच दुरुस्त करतो. पण खरखर इतकी वाढली की 'नळाचा'ही ऐकू येईना, तर मग काहीच हाती लागत नाही. मधली पायरी नाही, एकदम कडा. म्हणून आज चित्र छान दिसतंय यावरून सिग्नल छान आहे असं समजू नये. तुम्ही कड्याच्या काठावरही उभे असू शकता.

काकांची क्वालिटी काठावरच होती. गच्चीत केबलला एक जोड होता, त्यावर कुणीतरी दुधाची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं. पिशवी सोडली. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती, आणि पिशवीत चमचाभर पाणी. पाणी जाऊ नये म्हणून लावलेल्या पिशवीने ते धरून ठेवलं होतं. जोड काढून टाकला, अखंड केबल ओढली आणि एलएनबीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं, ते झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, आत शिरत नाही. क्वालिटीची पट्टी निम्म्यावरून पाऊणच्या वर गेली. या सगळ्याचा खर्च बॉक्सच्या किमतीच्या दहाव्या भागाहून कमी.

पाऊस आला की टीव्ही जातो, तो जाणारच का?

जोरदार सरीत जाणार. केयू बँडची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची, टपोऱ्या थेंबांच्या मापाला बरीच जवळची. थेंब तिची ताकद शोषतात आणि तिला इकडेतिकडे विखुरतात. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या मोठ्या जाळीदार डिश सी बँडवर चालतात. त्यांची लहर सात-आठ सेंटिमीटरची, तिला पाऊस फारसा जाणवत नाही. पण त्यासाठी आठ-दहा फुटांची डिश लागते. घरोघरी दोन फुटांची डिश मिळावी म्हणून आपण पावसातला हा अर्धा तास सोडून दिलाय, असा तो सौदा आहे.

आणि एक गंमत. कधीकधी घराबाहेर कोरडं ठणठणीत असतं आणि टीव्ही गेलेला असतो. डिश बघते तिरकी, दक्षिण-पूर्वेला. त्या वाटेवर दोन-चार किलोमीटरवर ढग फुटला की सिग्नल तिथेच अडतो. वळवाचे ढग पूर्वेकडून चढून आले, तर आधी टीव्ही जातो आणि मग आपल्या अंगणात पाऊस येतो. आत्या टीव्ही गेला की वाळवणं उचलते.

आकाश निरभ्र असतानाही वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास, काही दिवस दिवसा ठराविक वेळेला काही मिनिटं चित्र बिघडू शकतं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या स्वतःच्या रेडिओ-खरखरीत उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. तक्रार नोंदवू नका, चहा घ्या.

मग मोठी डिश लावू का?

लावा, फरक पडतो. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तितका सिग्नल जास्त गोळा होतो. कड्यापासून तुम्ही तेवढे मागे सरकता. मध्यम पावसात टीव्ही टिकेल, धो धो कोसळला तर तरीही जाईल, पण परत लवकर येईल. कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. अट एकच: मोठी डिश नेमाला जास्त हट्टी असते आणि वाऱ्याला जास्त अडवते. खांब मजबूत हवा, आणि बसवणारा सिग्नल मोजायचा मीटर घेऊन येणारा हवा. "दिसतंय ना? झालं मग" म्हणणारा नको.

फोर-के लिहिलंय, मग फोर-के का दिसत नाही?

आता गच्चीवरून खाली, सोफ्यावर. साध्या, म्हणजे एसडी चॅनलच्या एका चित्रात साधारण चार लाख ठिपके असतात. एचडीत वीस लाखांच्या आसपास, फोर-केत ८२ लाखांच्या वर. बॉक्सवरच्या फोर-केचा अर्थ एवढाच की तो एवढे ठिपके टीव्हीला देऊ शकतो. वरून येतात किती, हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास फोर-के बॉक्स वाजतगाजत आले, पण उपग्रहावरून येणारे आपले रोजचे चॅनल अजूनही एसडी किंवा एचडीच आहेत. फोर-के बघायला मिळतं ते मुख्यतः त्याच बॉक्समधल्या इंटरनेटच्या अॅपवर.

चार लाख ठिपक्यांचं चित्र ५५ इंची पडद्यावर ताणलं की काय होतं ते चौकातल्या फ्लेक्सवर बघा. व्हॉट्सअॅपवरून आलेला भाऊंचा फोटो वीस फुटी केलेला असतो. भाऊ ओळखू येतात, मिशी मात्र ढगासारखी दिसते. बॉक्स कडा थोड्या घासूनपुसून देतो. जे ठिपके आलेच नाहीत ते तो आणणार कुठून?

काकांचं पॅक पाहिलं. त्यांच्या आवडीचे सगळे मराठी चॅनल एसडीचे घेतलेले होते, एचडीचे वेगळे पैसे पडतात म्हणून. आणि त्याहून मोठा घोटाळा टीव्हीच्या मागे होता.

लाल, पांढरी, पिवळी

बसवणाऱ्या पोराने जुन्या बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी तशाच नव्या बॉक्सला खुपसल्या होत्या. पिवळ्या वायरीतून एसडीच्या वर काही जातच नाही. एचडीएमआय केबल खोक्यात पिशवीबंद पडून होती. ती लावली, टीव्हीला ते इनपुट दिलं, बॉक्सच्या मेन्यूत चित्राचा आकार टीव्हीच्या क्षमतेवर नेला आणि एक एचडी चॅनल महिन्याभरासाठी जोडला. काका पुढे सरकून बसले. "अरे, याच्या शर्टाला पट्टे आहेत!"

अजून एक. लोकांचे चेहरे जाड दिसत असतील तर चित्र चौकोनी आहे आणि टीव्ही ते आडवं ताणतोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं. काकू मात्र म्हणाल्या, राहू दे, मोठं दिसतं. राहू दिलं.

रेकॉर्डिंग आपलं, पण कुलूप त्यांचं

बॉक्समध्ये हार्ड डिस्क असते. एचडी चॅनलला सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर तासाला ३.६ जीबी होतात, म्हणजे ५०० जीबीत साधारण १४० तास. त्यातली थोडी जागा बॉक्स स्वतःसाठी ठेवतो. डिस्क फिरत असते, गरम होते. म्हणून बॉक्सवर क्रोशाचा रुमाल, त्यावर गणपती, त्यावर रिमोट हे थर नकोत. आणि लाल दिवा म्हणजे बंद नव्हे. रेकॉर्डिंगची वाट बघत तो जागाच असतो आणि वीजही खातो. जिथे लाइट वारंवार जाते तिथे छोटा यूपीएस लावा, नाहीतर चालू रेकॉर्डिंग अर्धवट राहतं आणि डिस्कचंही आयुष्य कमी होतं.

लोक विचारतात, हे पेनड्राइव्हवर घेता येईल का? सहसा नाही. चॅनल कुलूपबंद येतात, त्यांची किल्ली तुमच्या बॉक्सला आणि चालू रिचार्जला बांधलेली असते. रेकॉर्डिंगही त्याच कुलपात राहतं. दुसऱ्या बॉक्समध्ये डिस्क टाकली तरी ते उघडत नाही. याच कारणाने एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. ते बदलावं अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये केली होती.

दर महिन्याचं गणित

फेब्रुवारी २०१९ पासून आपण दोन गोष्टींचे पैसे भरतो. एक चॅनलचे, दुसरे नुसतं जोडलेलं असण्याचे. या दुसऱ्याला एनसीएफ म्हणतात. सुरुवातीला १०० चॅनलना १३० रुपये, करासकट १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० चॅनल झाले, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने या रकमेवरची मर्यादाच काढली. तेव्हाच्या मोजणीत एक एचडी चॅनल म्हणजे दोन साधे धरले जायचे. माझा सल्ला: पन्नास चॅनलचं तयार पॅक घेण्यापेक्षा खरंच बघता ते आठ-दहा एचडीत घ्या. आणि कुणाला फक्त बातम्या आणि जुने सिनेमे हवे असतील, तर फ्री डिश २००४ च्या डिसेंबरपासून आहे, महिन्याचे पैसे शून्य. तिथे भारी बॉक्सची गरज नाही.

नेट असताना हे कशाला?

हा काकांच्या मुलाचा प्रश्न. त्याच्याकडे फायबर आहे, त्याला याची गरज नाही, हे मी कबूल केलं. पण उपग्रहाला प्रेक्षक वाढल्याचं ओझं नसतं. एका घरी बघितलं काय आणि एक कोटी घरी, त्याच्या दृष्टीने काम तेवढंच. मॅचच्या शेवटच्या षटकात चाक फिरत बसत नाही. शिवाय नेटवरचं थेट प्रक्षेपण साधारणपणे डिशपेक्षा मागे असतं. काकांच्या घरातून "गेला!" अशी आरोळी येते, तेव्हा वरच्या मजल्यावर मुलाच्या मोबाइलवर बोलर अजून धावतच असतो. आता तो चेंडू बघायला खालीच येतो.

दिवाळीनंतर काका-काकू दोन महिने मुलीकडे बंगळुरूला गेले. रिचार्ज संपलं. परत आल्यावर काकूंनी साठवलेल्या ३१ भागांच्या यादीवर कुलूप दिसत होतं, आणि काकांचा फोन पुन्हा मलाच. रिचार्ज करायला सांगितलं. दहा मिनिटांनी मागून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं आणि काकूंचा आवाज, "आता मॅच लावायची नाही हं."